टाकीकडे तोंड

सासूबाईंच्या घरात ग्रंथपालाने आजवर तीन वस्तू दुरुस्त केल्या होत्या आणि तिन्ही नंतर नव्या आणाव्या लागल्या होत्या. नळ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक घडीची खुर्ची. खुर्चीवर तर सासूबाई स्वतः बसल्या होत्या. तेव्हापासून जावई दारात दिसला की त्या तोंडभर हसून "या, जावईबापू" म्हणायच्या आणि म्हणता म्हणता समोर पडलेला पाना उचलून कपाटात टाकायच्या. माणूस लाखमोलाचा, पण हाताला यश नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यामुळे "अँटेना मी बसवतो, आई," असं तो म्हणाला तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, सरळ मिस्त्रीला बोलवू या ना."

"कशाला? मी वाचलंय सगळं त्याबद्दल."

"खुर्चीबद्दलही वाचलं होतंत."

प्रकरण तसं नाजूक होतं. सासरे पालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडचा कार्यक्रम टीव्हीवर झाला तो आयुष्यात एकदाच, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सासूबाई प्रसूतिगृहात होत्या. म्हणजे सगळा घोटाळा लेकीनेच केला होता, आणि हे तिला दर वाढदिवसाला ऐकून घ्यावं लागायचं. आता सासरे राहिले नव्हते. घरात त्यांचे फोटो होते, पेटीत क्लॅरिनेट होतं, पण हलणारे, वाजवणारे सासरे कुठेच नव्हते. आणि परवा पेपरात आलं, की स्थानिक केंद्र जुने कार्यक्रम पुन्हा दाखवणार आणि रविवारी संध्याकाळी पालिकेचा बँड. हे केंद्र केबलवर नव्हतं, नुसतं हवेतून यायचं. त्याला अँटेनाच पाहिजे.

"मला फार काही नको," सासूबाई म्हणाल्या. "एकदा ह्यांना वाजवताना बघायचंय. सूर जन्मात चुकला नाही हो ह्यांचा. पण पायाने ताल धरायचे ना, तो एक दिवस जुळला असेल तर शपथ! बँडमास्तर सांगून सांगून थकले. हे कबूलच करायचे नाहीत. म्हणायचे, माझा पाय बरोबर आहे, बाकीचा बँड मागे पडतो."

एवढं ऐकल्यावर कुठला जावई माघार घेईल?

दुकानदाराने त्याला विचारलं, "घर कितव्या मजल्यावर? समोर उंच इमारत वगैरे? केंद्राचा मनोरा कुठल्या बाजूला आहे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ग्रंथपालाने दिली. तिसऱ्याला "ते बघू" म्हणाला आणि एक चपटी, घरातल्या घरात लावायची अँटेना घेऊन आला. का, तर ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती आणि त्याला ती बघताक्षणी आवडली. ती खिडकीला चिकटवली, फ्रिजवर ठेवली, पडद्याच्या दांडीला टांगली. शेवटी, "हलू नका हं आई," म्हणून सासूबाईंच्या डोक्यावरही धरून पाहिली. टीव्ही आपला 'सिग्नल नाही' या दोन शब्दांवर अडून बसला होता.

मग त्याने बूस्टर आणला. बूस्टर जोडल्यावर पडद्यावर एक निवेदिका अवतरली आणि तोंड उघडं ठेवून जी थिजली ती थिजलीच. सासूबाईंना तिची दया आली.

"बिचारीला काहीतरी सांगायचंय हो," त्या म्हणाल्या.

"साहेब, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो पुन्हा दुकानात गेला तेव्हा दुकानदार म्हणाला. "सिग्नलच पोचत नाही, तर बूस्टर काय वाढवणार? गच्चीवरची घ्या."

गच्चीवरची अँटेना माशाच्या काट्यासारखी होती आणि ग्रंथपालाहून लांब. रविवारी दुपारी ती जिन्याच्या वळणावर अडकली. इकडून ढकलली, तिकडून ओढली, आणि सुटली तेव्हा जिन्यातला दिवा घेऊन सुटली.

"ही चौथी," बायको काचा गोळा करत म्हणाली.

गच्चीवर पोचल्यावर त्याने कठड्यावरून वाकून हाक दिली, "आई, पाना द्या ना जरा!"

खालून सासूबाई म्हणाल्या, "सापडत नाहीये हो! कुठे गेला कुणास ठाऊक!"

त्या कपाटाला पाठ लावून उभ्या होत्या, हे वरून दिसत नव्हतं. तेव्हा अँटेना खांबाला आवळायची राहिली आणि ग्रंथपाल ती दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिला. बायको जिन्यात, सासूबाई टीव्हीसमोर, अशी फळी तयार झाली.

आता तोंड कुठे करायचं? त्याने गल्लीवर नजर टाकली. घरोघरच्या अँटेना एकजात पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभ्या होत्या. इतकी माणसं काय वेडी आहेत? त्यानेही आपली टाकीकडे रोखली.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आवाज आला! गेला!"

शेजारच्या गच्चीवर टपालमास्तर आले. नोकरीतून निवृत्त झाले होते, सूचना देण्यातून नव्हते. गल्लीतली पहिली अँटेना त्यांची, बाकीच्यांनी तिच्याकडे बघून आपापल्या लावल्या.

"टाकीकडे धरा, टाकीकडे!" ते ओरडले. "माझ्या अँटेनाकडे बघा!"

"तशीच धरलीय! पण काही येत नाहीये!"

"मग बरोबर आहे. आपल्या गल्लीत सिग्नल कमीच येतो. आमच्याकडेही तुटक तुटकच दिसतं."

तेवढ्यात खाली निवेदिकेचा आवाज आला, "...आता सादर... पालिकेचा..." आणि तुटला. ग्रंथपालाने अँटेना उंच केली, खाली केली, पोटाशी धरली. खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला.

"राहू द्या, जावईबापू. नाव तरी ऐकू आलं ना? पुरे झालं. ताटकळत नका उभे राहू."

त्या रागावल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. पण त्या समजूत घालत होत्या, आणि तेच त्याला सोसेना. डोळ्यांत एकदम पाणी आलं. समोरचं नीट दिसेना म्हणून तो एक पाऊल मागे सरकला. मागे कपडे भिजवलेली बादली होती. उजवा पाय थेट बादलीत गेला, ग्रंथपाल अँटेनासकट गर्रकन फिरला, कठड्याला धडकला आणि टाकीकडे पाठ करून उभा राहिला.

"आलं!" जिन्यातून बायको किंचाळली. "अहो, आलं! आरशासारखं स्वच्छ! हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

"अहो, उलटी धरलीत तुम्ही!" टपालमास्तर ओरडले. "फिरवा, फिरवा!"

"चित्र आलंय!"

"आलं असेल! पण चुकीच्या बाजूने आलंय!"

ग्रंथपाल हलला नाही. तेव्हा टपालमास्तरांनी वळून स्वतःच्या अँटेनाकडे पाहिलं. तिच्या खांबाला त्यांच्या पत्नीने कपड्यांची दोरी बांधली होती. दोरीवर ओल्या चादरी होत्या, आणि चादरींच्या ओझ्याने खांब हळूहळू फिरत फिरत टाकीकडे वळला होता. हे किती वर्षांपूर्वी झालं असेल, देव जाणे. टपालमास्तरांनी इकडेतिकडे बघून हळूच खांब फिरवला. त्यांच्या घरातून आनंदाचा एक चीत्कार आला, आणि मास्तर खाली निघून गेले.

खाली बँड वाजत होता. ढोल, बिगुल, आणि त्यातून वर येणारं क्लॅरिनेट. ग्रंथपालाला संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण तो सूर कुणाचा ते त्याला कळलं. बादलीतला पाय गारठला होता, हात भरून आले होते, आणि खालून कुणाचाही आवाज नव्हता. रडताहेत का? की चित्र गेलं? विचारायचीही चोरी. बँड थांबला, टाळ्या झाल्या, तरी तो तसाच उभा.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. गुडघ्यांमुळे सासूबाई गच्चीवर यायचं कधीच सोडून बसल्या होत्या. आज त्या एकेक पायरी धरत वर आल्या.

"दिसले?" त्याने विचारलं.

"पाय दिसला."

"काय?"

"ह्यांच्या पुढे तो मोठा भोंगा वाजवणारा बसला होता. अघळपघळ माणूस मेला! सगळा वेळ हे त्याच्यामागे. डावा बूट तेवढा बाहेर."

ग्रंथपालाचा चेहरा पडला. "आई, एवढं करूनसुद्धा..."

"अहो, ऐका तर! तो बूट आपला खालीवर, खालीवर. आख्खा बँड एकीकडे आणि ह्यांचा बूट एकीकडे!" त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले. "चाळीस वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते. आता करा म्हणावं कबूल. आणि सूर? ऐकलात ना तुम्ही?"

"ऐकला. फार सुंदर होता."

सासूबाईंनी त्याच्या बादलीतल्या पायाकडे पाहिलं. उलट्या अँटेनाकडे पाहिलं. मग गल्लीकडे पाहिलं. मास्तरांचं बघून दोन-तीन गच्च्यांवर माणसं आपापली अँटेना फिरवायला लागली होती.

"ह्यांच्यासारखेच आहात झालं," त्या म्हणाल्या. "पाय भलतीकडेच पडणार!"

आणि पदराआडून पाना काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

"घट्ट आवळून टाका. मग सावकाश खाली या. तो नवा नळ गळतोय कधीपासून, जरा बघा."

"आई!" जिन्यातून लेक ओरडली. "नळ नको!"

"तू मध्ये बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "बघू दे त्यांना."