अकरा वर्षं, बोईसर दराने

माणसाचा पगार त्याच्या कामावरून ठरतो असं मानणारे लोक अजूनही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही पगारपत्रक बनवायला बसवत नाहीत, ही उद्योगजगतावर मोठीच कृपा आहे.

जितेशच्या कंपनीत असला भाबडेपणा नव्हता. बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात तो मार्केटिंग मॅनेजर होता, अनुभव अकरा वर्षं. अंधेरीच्या ऑफिसात दिग्विजय, तोही मार्केटिंग मॅनेजर, अनुभव दोन वर्षं (त्यातले सात महिने प्रशिक्षण), पगार जितेशच्या दीडपट. परिपत्रकानुसार पगार अनुभव आणि ठिकाण पाहून ठरतो, आणि दोघांत भांडण झालं तर ठिकाण जिंकतं. बोईसरला जगणं स्वस्त पडतं, असा कंपनीचा अभ्यास होता. (अभ्यास अंधेरीत झाला.)

हा अभ्यास बोईसरच्या मासळी बाजारातल्या काशीबाईंच्या वाचनात आलेला नसावा. त्यांनी पापलेटाचा भाव सांगितला तसा जितेश हबकलाच.

"मावशी, हा तर मुंबईचा भाव!"

"मंग? मावरा मुंबईलाच जातो. तुमी बी जा ना. मावऱ्याला जमतंय, तुमाला नाय जमत?"

जितेशला जमवणं भाग होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या अपेक्षावर त्याचा जीव होता आणि तिचे वडील बन्सीकाका तीनदा 'बघू' म्हणाले होते. मुलगा चांगला, पण बोईसरचा, हे त्यांचं मत. (काका स्वतः तीस वर्षं बोईसरला लागूनच्या सालवडला राहतात.) दिवाळीनंतर अपेक्षाला बघायला ठाण्याचं स्थळ येणार होतं.

त्यानं अंधेरीला बदली मागितली. लगेच मिळाली. फक्त परिपत्रकाच्या कलम नऊप्रमाणे बोईसरच्या एका वर्षाचा अंधेरीत एक महिना धरतात. अकरा वर्षांचे अकरा महिने झाले. वर्ष भरत नाही, म्हणून हुद्दा 'प्रशिक्षणार्थी मॅनेजर', पगार आधीपेक्षा चारशेनं कमी, आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी दिग्विजयवर.

तोंड पाडून तो काकांकडे गेला. "काका, बदली झाली. अंधेरीला. पण..."

"अंधेरी!" काका उठून उभेच राहिले. "अपेक्षा, साखर आण. जावई मुंबईचे झाले!"

अपेक्षानं जितेशला डोळ्यांनीच गप्प बसवलं. पगार किती, हे काकांनी विचारलंच नाही.

काकांना हसू नका. जितेशचा पगार किती, हे या कथेत कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही बोईसर वाचलंत आणि आकडा ठरवून मोकळे झालात.