पेशींचं माहेरपण

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर उघडताच बाटलीतल्या पेशींनी चार दिवस माहेरी जायची रजा मागितली.

निर्मला हुक्केरीने दार लावलं, हातमोजे काढले आणि विभागप्रमुख आठल्ये सरांची केबिन गाठली.

"कारण काय देतायत?"

"आईची आठवण येतेय म्हणतात."

"पेशींना आई नसते, दाता असतो. औषधाची चाचणी तोंडावर आलीय. नाही म्हणून सांगा."

पेशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त विभाजन थांबवलं. निर्मलाने पोषणद्रव बदलून पाहिला, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या अंग चोरून बसलेल्या दिसायच्या. तिला ते बघवेना. ती रोज सरांच्या दारात जाऊन उभी राहू लागली. शेवटी सर वैतागून म्हणाले, "न्या. पण शरीराच्या तापमानात न्यायचं."

गरम पेटी मांडीवर घेऊन ती एसटीने गडहिंग्लजला गेली. तिथल्या सुंद्राक्का मगदूम यांच्या कातडीचा हरभऱ्याएवढा तुकडा काही वर्षांपूर्वी प्रयोगासाठी घेतला होता. या पेशी त्याच तुकड्याच्या वंशातल्या.

सुंद्राक्कांनी बाटली उजेडात धरली. "किती वाळल्यात गं! हे लाल पाणीच पाजतीस व्हय?"

"त्यात सगळं असतं, आक्का."

"असंल की. पर त्यांच्यासंगं कोण बोलतंय का?"

त्यांनी बाटली पदराखाली पोटाशी धरली आणि भावकीतली लग्नं, बाळंतपणं सांगितली. मग नवऱ्याचं सांगताना आवाज उतरला. "तुमचं आबा गेलं गं." हे पेशींना कुणी कळवलंच नव्हतं.

तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला एरवी औषध घालावं लागतं. निघायच्या दिवशी निम्म्या आपणहून सुटल्या. आक्का एकट्या आहेत, आम्ही राहतो, म्हणाल्या. उरलेल्यांनी चाचणीचं आम्ही बघतो म्हणून सांगितलं.

"पण आक्का, तुम्ही यांना ठेवणार कुठे?"

"जिथनं नेल्या तिथं," म्हणत त्यांनी बाही वर सारली.

निर्मलाने हलक्या हाताने सुटलेल्या पेशींना आक्कांच्या दंडावरच्या जुन्या खळगीत सोडलं.

आक्का स्टँडवर पोचवायला आल्या. गाडी सुरू झाली तशा खिडकीशी येऊन कुजबुजल्या, "दोघीतिघींचं दिवस भरत आल्यात. सावकाश न्यायला सांग."

निर्मलाने कंडक्टरला सांगितलं. त्याने पेटीकडे पाहिलं.

"मग मागं कशाला बसलाय, ताई? मागं दणकं बसत्यात," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला त्याने उठवलं.