रक्तदाबाचा कडता

लातूरच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, सोयाबीनचे अडते श्री. गुरुपादप्पा यांना डॉक्टरांनी रीतसर कळवले, की पोट, साखर, चरबी आणि रक्तदाब ही चारही मंडळी त्यांच्या देहात भागीदारीने नांदत आहेत. या भागीदारीला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. उपाय दोन: रोज एक गोळी आणि तासभर चालणे.

गुरुपादप्पांनी दोन्ही नाकारले. गोळी एकदा लागली की सुटत नाही, आणि चालताना कोणी पाहिले तर याने गाडी विकली असे मोंढा समजतो. त्याऐवजी त्यांनी शेजारचे अडते माणिकप्पा यांच्या सल्ल्याने अमिनो आम्लाच्या भुकटीचा डबा आणला. डब्यावर दंड फुगवलेला तरुण होता. त्याचा रक्तदाब किती, हे मात्र कुठे छापलेले नव्हते.

"भुकटी खायची तर खा, पण गोळी बी घ्या की हो," पत्नी रुद्राणी म्हणाली. "थोरले भावजी असेच बसल्या जागी गेले. मला लई भ्याव वाटतंय."

तिच्या भीतीची दखल घेऊन मोंढ्यात भुकटी मूल्यमापन समिती स्थापन झाली. माप म्हटले की मापाडी आलाच, म्हणून रक्तदाबाचे यंत्र शेषेराव मापाड्याकडे सोपवण्यात आले.

पहिल्या महिन्यात आकडा आला एकशे अडुसष्ट.

"कडता किती धरला?" माणिकप्पांनी विचारले. ओलावा आणि माती यांचा हा कडता वजा केल्याशिवाय मोंढ्यात कुठलाच आकडा खरा मानत नाहीत.

"रक्ताला कसला कडता, मालक?"

"का? रक्त काय कोरडं असतंय? ओलावा धर की!"

ओलाव्याचे दहा, जिना चढल्याचे आठ आणि मापाच्या वेळी घरून फोन आल्याचे दहा वजा झाले. निव्वळ एकशे चाळीस. दुसऱ्या महिन्यात एकशे ब्याऐंशी आले. उकाडा, लग्नसराई आणि सोयाबीनचा भाव वजा जाता एकशे तीस उरले. भुकटी लागू पडल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

तिसऱ्या महिन्यात सपत्नीक सत्कार ठेवला. हार गळ्यात पडताच गुरुपादप्पांचे तोंड डावीकडे ओढले गेले आणि ते खुर्चीवरून घसरले. शेषेरावाने पट्टा बांधला. दोनशे वीस!

"आधी उचला की त्यास्नी!" रुद्राणी किंचाळली.

"वहिनी, थांबा जरा," माणिकप्पा म्हणाले. "हाराचं वजन वजा व्हायचं हाय."

रुद्राणीने हार तोडून फेकला आणि हमालांच्या हातगाड्यावर घालून नवऱ्याला दवाखान्यात पोहोचवले. जीव वाचला, उजवा हात गेला. आता ती स्वतः गोळी भरवते आणि संध्याकाळी त्यांना धरून चालवते. समितीने अंतिम अहवालात नोंदवले: दोनपैकी एक हात निकामी, सबब रक्तदाब निम्मा धरावा.

वाचकहो, हसू नका. परवा वजनकाट्यावर उभे राहिलात, तेव्हा चपलांचा अर्धा किलो, मोबाइलचा पाव आणि सकाळच्या पोह्यांचे दोन किलो तुम्ही वजा केलेत. तो कडता कोणत्या समितीने ठरवला होता?