आण्णांचा चुकलेला भूकंप

आमच्या शेजारचे मगदूम आण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत बघतात, मग माणसं. बंडीच्या खिशातून ओळंबा काढायचा, दोरी भिंतीच्या वरच्या टोकाला धरायची, खालचं वजन हलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं आणि मग निकाल द्यायचा, "सूतभर बाहेर हाय." तोवर त्यांना बसा म्हणण्यात अर्थ नसतो.

आण्णा बांधकामाचे मिस्त्री. चाळीस वर्षं सांगली-मिरजेत घरं बांधली. गुडघे दुखायला लागल्यावर काम थांबवलं, पण ओळंबा खिशातच राहिला. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून आण्णांना बसवलं होतं. पाहुण्यांनी मुलीला शिक्षण विचारलं आणि आण्णांनी पाहुण्यांना, तुमच्या घराची भिंत किती इंची? लग्न जमलं. भिंत नऊ इंची निघाली म्हणून जमलं, असं आण्णा अजून सांगतात. एका शोकसभेत तर हार घालायला पुढे गेले आणि हार हातात तसाच ठेवून फोटो सरळ करत बसले. मागे रांग दारापर्यंत गेली.

माणसांनाही तेच माप. आमच्या ह्यांच्याबद्दल माझ्या सासूबाईंसमोरच म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय. सूतभर बाहेर हाय, पण चालंल."

तर अशा माणसाच्या हयातीत सांगलीत जमीन हलली.

कोयनेच्या बाजूला लोकांना असल्या धक्क्यांचं फारसं काही वाटत नाही. आम्हाला सवय पुराची. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं की काय उचलायचं, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ आहे. पण जमीन हलली की काय करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. दुपारचे साडेचार झाले असतील. मी चहा गाळत होते. मांडणीवरचे पेले किणकिणले, पायाखालून ट्रक गेल्यासारखं वाटलं आणि सासूबाई म्हणाल्या, "जिन्यात कोण पळतंय गं?" कोणी पळत नव्हतं. नंतर आम्ही सगळेच पळालो. माझ्या हातात गाळणं तसंच होतं.

खाली गल्ली भरलेली. जो तो आपापला भूकंप सांगत होता. कुणाचा फ्रिज वाजला, कुणाचा पलंग हलला. इस्त्रीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याची इस्त्री टेबलावरून आपणहून चालत गेली. तेवढ्यात आण्णा मोपेडवरून आले. गर्दी बघून मिटिंग हाय का म्हणून विचारलं. आम्ही सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. ते मार्केट यार्डाच्या रस्त्यावर होते आणि त्या रस्त्याला इतके खड्डे आहेत की भूकंप कुठला आणि रस्ता कुठला, कळायला मार्गच नव्हता. वर एका खड्ड्यात मोपेडचं पुढचं चाक वाकडं झालं होतं.

"आपल्याला न्हाई जाणवला," आण्णा एवढंच बोलले आणि मोपेड ढकलत घरी गेले.

जन्मभर सरळ-वाकडं बघणाऱ्या माणसाला हे लागलं. बातम्यांत आणखी धक्के येऊ शकतात असं कुणीतरी म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं. त्यांनी पंख्याच्या हुकाला ओळंबा टांगला आणि दोन दिवस खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिले. पंखा आधीच काढून ठेवलेला. घामाघूम. दुसऱ्या दिवशी ओळंबा हलला. आण्णांनी सगळ्या इमारतीला खाली उतरवलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं कपडे धुण्याचं मशीन कपडे पिळत होतं, असं निघालं. बाई आठवडाभर आण्णांशी बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आण्णा माझ्या दारात. हातात वही. त्यात त्यांनी बांधलेल्या तेवीस घरांची यादी. ती सगळी घरं जाऊन बघायची होती, भेग गेली का काय. मोपेड गॅरेजात. मला सुट्टी होती आणि माझ्याकडे स्कूटर होती. सासूबाईंनी परस्पर हो म्हणून टाकलं.

दिवसभर आम्ही फिरलो. मागे बसून आण्णा रस्त्यातल्या घरांवर शेरे मारत होते. त्यांच्या घरांना काही झालं नव्हतं. एकाने कोपऱ्यातली भेग दाखवली आणि जुनीच आहे म्हणाला, तर आण्णांना ते जास्त लागलं. दुसऱ्याला वाटलं, आण्णा पंधरा वर्षांपूर्वीची न्हाणीघराची गळती बघायला आलेत. त्याने आनंदाने आम्हाला अर्धा तास न्हाणीघरात उभं केलं. सगळीकडे चहा. मी आठ घेतले.

तेविसावं घर झालं. मी स्कूटर गल्लीकडे वळवली तर आण्णा म्हणाले, अजून एक हाय.

वहीत चोवीस नंबर नव्हता. मी तसं म्हणाले.

"हे मी बांधलेलं न्हाई, सूनबाई," आण्णा म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटतंय."

घर त्यांच्या धाकट्या भावाचं, बाळगोंडा सरांचं. शाळेतून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांना घराला गोल बाल्कनी हवी होती. आण्णा म्हणाले, गोल भिंतीला ओळंबा कुठं लावायचा? ती मी बांधणार न्हाई. सरांनी दुसऱ्याकडून बांधून घेतली. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

आण्णा समोरच्या कडुनिंबाखाली थांबले आणि मला आत पाठवलं. काय म्हणून जायचं, हे सांगितलं नाही. दार सरांनीच उघडलं. मी नुसतंच विचारलं, तुमच्याकडे भेगा वगैरे काही? सरांनी माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघितलं. मग चप्पल न घालताच ते रस्ता ओलांडून गेले. मी मागे.

मला वाटलं आता बाल्कनीवरून भांडण. सर आण्णांसमोर उभे राहिले. शाळेतली सगळी प्रमाणभाषा गळून पडली.

"आण्णा, फोन का उचलला न्हाईस?"

"कुणाचा?"

"माझा. जमीन हलली तवा. तीनदा लावला."

आण्णांनी फोन काढला. लांब धरून बघितला, मग माझ्याकडे दिला. त्या दिवशीचे, साडेचारनंतरचे तीन मिस्ड कॉल होते. अनोळखी नंबर. मोपेडच्या खडखडाटात तेही कळले नव्हते, आणि नंतर, असले नंबर कंपनीवाल्यांचे असतात म्हणून आण्णांनी लक्ष दिलं नव्हतं. सरांचा नंबर या अकरा वर्षांत बदलला होता.

तेवढ्यात आतून सरांच्या पत्नीने हाक मारली, रस्त्यात काय उभे राहिलात म्हणून. आम्ही आत गेलो. नववा चहा झाला. सर पुराचं, उसाचं, गुडघ्यांचं विचारत राहिले आणि आण्णा फक्त हूं हूं करत बशीतला चहा फुंकत राहिले.

परत निघताना आण्णा फाटकापाशी थांबले. फोन पुन्हा माझ्या हातात दिला आणि तो नंबर तेवढा सेव्ह करून दे म्हणाले. बाळगोंडा सर असं टाकू का, मी विचारलं.

आण्णांनी थोडा विचार केला. सर फाटकातच उभे होते, त्रेसष्ट वर्षांचे, डोक्यावर एक केस नाही.

"बाळू टाक," आण्णा म्हणाले.