सर्व हक्क अप्पांचे स्वाधीन

आमच्या आळीतले अप्पा शिंकले तरी हक्क राखून शिंकत.

कोणी गावाला निघालेलं असावं, काखेत बोचकं, तळहातावर आईनं घातलेलं दही, आणि नेमकी अप्पांच्या ओटीवरून सणसणीत शिंक यावी. निघणाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरे. तो परत घरात वळणार, एवढ्यात अप्पा बोट वर करून ओरडत, "ए, थांबू नकोस! ही शिंक माझी स्वतःची आहे. तुझ्या प्रवासाशी तिचा काडीचा संबंध नाही. सर्व हक्क स्वाधीन! नीघ खुशाल!" आणि माणूस हसत हसत खरोखरच निघे.

कल्याणात पारनाक्याच्या अलीकडे आमची आळी. अप्पा आमचे समोरचे शेजारी. उंच, किडकिडीत, आणि नाक असं की पुढे नाक येई, मग थोड्या वेळानं अप्पा येत. चांगलं बाकदार, पोपटाच्या चोचीसारखं. आळीतली पोरं त्यांना पाठीमागे राघू म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं, पण ते रागावत नसत. मला त्याचं तेव्हा नवल वाटे, कारण बाकी कशावरूनही ते रागावू शकत.

जन्मभर त्यांनी ठाण्याच्या कोर्टात नकलनविशी केली. म्हणजे लोकांचे अर्ज, लोकांचे फैसले, लोकांची खतं, आणि खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ म्हणून यांचा शेरा. रोज सकाळी आगगाडीनं ठाण्यास जायचं, दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या हातानं लिहायचं आणि परत यायचं. पेन्शन घेऊन घरी बसल्यावर कुणीतरी त्यांना एक छापील पुस्तक वाचायला दिलं. अप्पांनी पहिलं पान उलटलं, मागच्या बाजूला एकच ओळ होती: ‘सर्व हक्क स्वाधीन ठेविले आहेत.’ झालं! पुढचं पुस्तक त्यांनी वाचलंच नाही. "पुस्तक काय, कोणीही वाचतो," ते म्हणाले, "खरा मजकूर इथं आहे!"

तेव्हापासून जे काही अप्पांचं, ते सगळं स्वाधीन. विनोद सांगितला की आधी हक्क स्वाधीन, मग हसायला परवानगी. एकदा त्यांनी करवंदं घालून आंब्याचं लोणचं करायची युक्ती काढली आणि महिन्याभरात ती शेजारच्या गोदूकाकूंच्या बरणीत जाऊन बसली. अप्पा तडक त्यांच्या दारात.

"गोदावरीबाई, हे लोणचं माझं आहे."

"अगंबाई! मीठ सरकारचं, आंबा आमच्या झाडाचा, करवंदं मी काटे लावून घेऊन आणलेली. तुमचं यात काय हो?"

"कल्पना माझी!"

"मग कल्पना चाटा," काकू म्हणाल्या आणि एक वाटीभर लोणचं त्यांच्या हातावर ठेवलं. अप्पांनी ते मुकाट्यानं नेलं आणि दोन दिवसांत संपवलं.

आणखी एक खोड सांगायची राहिली. रोज सकाळी सडारांगोळ्या झाल्या की अप्पा हात पाठीशी बांधून आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि प्रत्येक दारापाशी वाकून रांगोळी बघत. बायका तोंडाला पदर लावत. "कुणी कुणाची नक्कल मारलीय ते बघतायत बरं," असं म्हणत. अप्पांच्या स्वतःच्या दारात मात्र रांगोळी नसे. त्यांच्या पत्नी जानकीवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची कंबर वाकत नसे.

आता माझं सांगतो. मला लहानपणापासून एकच नाद, चित्रं काढायचा. कोळसा मिळाला की भिंत, खडू मिळाला की पाटी. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांनी ठरवून टाकलं होतं की बापूनं मामलेदार कचेरीत उमेदवारी करायची. "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? आणि मुलगी कोण देणार?" या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. अप्पांकडे होतं. कुणी विचारलेलं नसताना त्यांनी माझ्या आयुष्याचं वकीलपत्र घेतलं.

"बापू, चित्रकाराचा धंदा करायचा तर तीन गोष्टी ध्यानात ठेव," ते मला ओटीवर बसवून म्हणाले. "एक, चित्रावर आपलं नाव घालायचं. लहान का होईना, पण घालायचं. दोन, पहिला ठसा आपल्यापाशी ठेवल्याशिवाय दुसरा कुणाला द्यायचा नाही."

"आणि तिसरी?"

अप्पांनी डोकं खाजवलं. "तिसरी सांगतो मागाहून."

ती तिसरी गोष्ट मी त्यांना पुढे वरचेवर विचारत असे, आणि ते तितक्याच वेळा डोकं खाजवत.

अप्पांच्याच ओळखीनं ठाण्याच्या एका शिळाछापखान्यात मला काम मिळालं. चतुर्थीसाठी गणपतीचं चित्र. आता शिळाछापाची गंमत अशी, की दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. मी उजव्या सोंडेचा गणपती दगडावर काढला, कागदावर डाव्या सोंडेचा उतरला. गोड, प्रसन्न, पोट सुटलेला. मोदकांच्या ताटाच्या कडेला मी बारीक अक्षरांत ‘बापू’ असं उलटं लिहून टाकलं. पहिला ठसा अप्पांनी आपल्या देवघरात लावला. चित्र हातोहात खपलं. नानांनी मान डोलावली, म्हणाले, "चतुर्थी होऊ दे, मग बघू." मला तर आकाश ठेंगणं झालं.

चतुर्थी आली आणि आमची आळी टिटवाळ्याला दर्शनाला जाऊन आली. येताना गोदूकाकूंनी तिथल्या एका दुकानातून माझं चित्र विकत आणलं, बापूचा गणपती म्हणून मोठ्या कौतुकानं. घरी येऊन उलगडलं आणि त्यांनी किंकाळीच फोडली. सोंड उजवीकडे!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक दैवत. त्याचं सोवळं सांभाळता सांभाळता माणूस मेटाकुटीला येतो. काकूंनी तर उलगडण्याआधी तो लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला होता! तासाभरात निम्मी आळी आमच्या ओटीवर. कुणाच्या सासूचे गुडघे दुखायला लागले होते, कुणाची म्हैस आटली होती, आणि सगळ्याला कारण मी.

"करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसला हा प्रकार," नाना थंडपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "दगडावर उलटसुलट करताना गफलत केलीस. देवाच्या बाबतीत गफलत! उद्यापासून कचेरी. पुन्हा घरात रंग दिसता कामा नये."

"नाना, माझी सोंड डावीकडेच होती हो!" मी रडकुंडीला आलो. पण ऐकतो कोण?

इतक्यात दारातून नाक आत आलं, पाठोपाठ अप्पा. हातात देवघरातला पहिला ठसा.

"वहिनी, तुमची फणेरपेटी आणा," ते माझ्या आईला म्हणाले.

आईनं पेटी आणली. अप्पांनी झाकण उघडून आतला आरसा उभा केला आणि त्याच्यासमोर काकूंचं चित्र धरलं. "या, बघा सगळ्यांनी. सोंड कुठं गेली?"

आरशात सोंड डावीकडे होती. बायकांनी चटकन हात जोडले.

"आता मोदकांच्या कडेला ही जी वेलबुट्टी दिसते, ती आरशात वाचा. नाना, तुम्हीच वाचा."

नाना चष्मा सावरून वाकले. "बा... पू," त्यांनी वाचलं आणि ते चमकले.

"हा माझ्याकडचा ठसा बापूच्या दगडावरचा. एका दगडातून दोन सोंडा निघत नाहीत. कुणीतरी नवशिक्यानं बापूचं छापील चित्र समोर ठेवलं आणि जसंच्या तसं दगडावर उतरवलं. उलटं काढायचं असतं हे त्या शहाण्याला कुठलं ठाऊक! अहो, त्यानं गणपती चोरला, मोदक चोरले, उंदीर चोरला, आणि वेल समजून पोराची सहीसुद्धा चोरली!" अप्पांचा आवाज टिपेला पोचला. "जन्म गेला नकला करण्यात माझा. पण मी खाली नक्कल म्हणून लिहीत होतो!"

नानांना हसू आवरेना. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता म्हणाले, "पण अप्पा, गणपतीवर कसला आलाय हक्क? देव सगळ्यांचा."

"देव सगळ्यांचा. पण ही सोंड बापूची. दुसऱ्यानं आपला गणपती आपल्या हातानं काढावा, कोण नको म्हणतंय?"

हक्कांच्या कायद्यात हे नेमकं कुठल्या कलमात बसतं, ते अप्पांना शेवटपर्यंत लागलं नाही. पण गरजही पडली नाही. सोवळ्याच्या भीतीनं लोकांनी उजव्या सोंडेची चित्रं इतक्या भराभर परत नेऊन दिली, की दुकानदारानं हातच टेकले. आणि माझी कचेरी टळली ती कायमची.

पुढच्याच वर्षी छापखान्याच्या मालकांनी मला दुसरं काम सांगितलं. मुलींसाठी रांगोळ्यांचं पुस्तक. मी सकाळी कागद घेऊन आळीत फिरू लागलो, तर एक आकृती जवळजवळ प्रत्येक दारात. कमळावर बसलेला राघू, मान मागे वळवून बघणारा. असा राघू मी दुसऱ्या कुठल्याच आळीत पाहिला नव्हता.

"ही कुणाची हो?" मी गोदूकाकूंना विचारलं.

"जानकीवहिनींची. त्यांनी काढलेली पहिल्यांदा. आम्ही सगळ्या त्यांचीच बघून शिकलो."

मी धावतच अप्पांना गाठलं. ते नेहमीसारखे एका दारापाशी वाकले होते. "अप्पा! वहिनींची रांगोळी पुस्तकात घेतो. खाली त्यांचं नाव घालू. आणि सर्व हक्क तुमचे स्वाधीन!"

मला वाटलं, म्हातारा नाचेल. पण ते सावकाश सरळ झाले.

"नको रे," ते म्हणाले. "हा राघू कोण, माहीत आहे का? मी आहे तो. ठाण्याला निघालो की त्या कोपऱ्यावर मी मागं वळून बघायचो, ती दारात उभी असायची. एक दिवस तिनं रांगोळीत मला काढून ठेवलं, या नाकासकट. मी रागावलो, तर हसत सुटली. मग रोज तेच." ते पुन्हा वाकून रांगोळीकडे बघू लागले. "ती रोज काढायची आणि रोज पुसली जायची. तिच्या हातचं माझ्या घरात काही नाही, बापू. पण इथं बघ ना. या सगळ्या जणींनी नक्कल केली म्हणून ती राहिली. मी हक्क धरून बसलो असतो, तर ती माझ्या एकट्याच्या दारात राहिली असती. आणि माझ्या दारात काढणार कोण?"

मी हातातला कागद गुंडाळून ठेवला.

"तिसरी गोष्ट विचारायचास ना? ही ती. काही काही लोकांना वाटून टाकायचं असतं." आणि लगेच डोळे पुसून, नेहमीच्या आवाजात, "हे वाक्य मात्र माझं हं. हक्क स्वाधीन!"

गोदूकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे ठसठशीत कमळ, आणि कमळावर मान वळवलेला राघू. समोर काकू, हाताला रांगोळी लागलेली.

"नक्कल आहे हो अप्पा," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

अप्पांनी वाकून रांगोळी बघितली. बोट वर गेलं आणि तसंच खाली आलं. मग ते आत गेले, दार हळूच लोटून घेतलं, आणि रांगोळीवर पाय पडू नये म्हणून मागच्या दारानं, गोठ्याला वळसा घालून, फिरायला बाहेर पडले. काकू रोज रांगोळी काढू लागल्या आणि अप्पा रोज मागच्या दारानं जाऊ लागले. कोपऱ्यावर पोचले की मात्र ते थांबत आणि एकदा मागं वळून बघत.