दुसरा दांडा

सोपानआण्णा सरपणाला कुलूप लावतात.

घराला एकवेळ लावायचे नाहीत, पण सरपणाला लावतातच. परसात वेड्या बाभळीच्या ओंडक्यांची रास आहे. तिच्यातून ट्रॅक्टरची साखळी ओवलेली आहे आणि साखळीच्या टोकाला नारळाएवढं कुलूप. शिवाय प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाला चुन्याचा ठिपका. मी एकदा सहज विचारलं, "आण्णा, ठिपका कशाला?"

"चोरलं तर वळकायला."

"पण चोरणारा ते चुलीत घालणार. जळून गेल्यावर काय ओळखणार?"

आण्णांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चुलीत घालनार, हे तुमाला कसं म्हाईत?"

तेव्हापासून रास जरा खाली बसलेली दिसली की आण्णांची नजर आधी आमच्या घराकडं जाते. आमच्याकडं गॅस आहे, हे सांगून उपयोग नाही. गॅसवर तर त्यांचा त्याहून मोठा संशय आहे. टाकीत निम्मं वारं भरतात, असं त्यांचं मत आहे.

सुप्याहून श्रीगोंद्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला आमची वस्ती लागते. आण्णांचं घर माझ्या घराला लागून, आणि त्यांच्या पलीकडं कौसामावशी. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. आण्णा साखर कारखान्यात फिटर होते. उसाच्या चरकावर सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले, पोरगी संगीता शेवगावला दिली, आणि पुढं मालूकाकू, म्हणजे त्यांची मंडळी, गेल्या. घरात एकटे आण्णा राहिले आणि त्यांचं ते एक वाक्य: "यात कायतरी हाय."

एसटी वेळेवर आली, यात कायतरी हाय. ग्रामपंचायतीनं न मागता दिवा बसवला, यात कायतरी हाय. माझ्या बायकोनं पुरणपोळी पाठवली, तर पोळी उलटी करून बघितली आणि मला विचारलं, "आज कशाची पोळी? सन तर न्हाई." मेहुणा आलाय म्हणून केली, असं सांगितलं. मग मेहुणा का आला, हे विचारलं. ते सांगितल्यावर पोळी खाल्ली.

मालूकाकू होत्या तेव्हा सरपणाची अडचण नव्हती. दोघं मिळून मोठी करवत चालवायचे. एक मूठ आण्णांच्या हातात, दुसरी काकूंच्या. करवत चालायची तोवर दोघांचं भांडण चालायचं आणि ओंडका तुटला की भांडण मिटायचं. काकूंच्या मागं आण्णांनी लाकूडफोड्या लावून बघितला. तो काम करताना शीळ घालतो, म्हणजे कुणाला तरी खूण करतो, असं म्हणून त्याला घालवून दिला. दुसरा आला, तो शीळ घालत नव्हता. "एवढा गप गप का ऱ्हातो?" म्हणून तोही गेला.

मग आण्णांनी ठरवलं की लाकूड कापायचं आणि फोडायचं मशीनच बनवायचं. अर्थात हे आम्हाला कळलं ते खूप उशिरा. आधी नुसतं सामान यायला लागलं. टेम्पोतून, एसटीच्या टपावरून, एकदा तर कुणाच्या लग्नाच्या जीपमधून. प्रत्येक वस्तू पोत्यात बांधलेली. बंद पडलेल्या रसवंतीच्या चरकाचे रूळ आले, पिठाच्या गिरणीची मोटार आली, कडबाकुट्टीचं जड चाक आलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक आला. परसाला चारी बाजूंनी ताडपत्री लागली.

"आण्णा, काय चाललंय?"

"कुठं काय?"

"ताडपत्री कशाला?"

"ऊन लागतंय."

पावसाळ्याचे दिवस होते.

आमची कंपनी त्यांची कल्पना चोरेल, असा त्यांचा संशय होता. एकदा मला अडवून म्हणाले, "तुमच्या म्यानेजरानं काय इचारलं का?"

"कशाबद्दल?"

"मग न्हाई इचारलं," ते म्हणाले. पण चेहरा असा, की मॅनेजरनं न विचारण्यातही काहीतरी डाव असावा.

मोबाईलवर तर अजिबात विश्वास नव्हता. "काल मी नुसतं मोटार म्हनलो, आन आज ह्याच्यावर मोटारीची जाहिरात! ऐकतंय हे." त्यावर उपाय म्हणून त्यांनी सगळ्या सामानाला दुसरी नावं ठेवली. गिअरबॉक्स म्हणजे पाव्हणा, पातं म्हणजे जावई आणि मोटार म्हणजे म्हैस. या नावांनी ते भंगारवाल्याशी फोनवर बोलत, तेही ओरडून, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

एका सकाळी कौसामावशी धापा टाकत आमच्या दारात. "दिलीप, ऊठ! आण्णानं कुनाची तरी म्हैस जाळली."

"काय?"

"मी सोताच्या कानानं ऐकलं. म्हनत्यात, म्हैस जळालीय, आता तिला उघडून आतली तार बदलावी लागंल. आन जावयाला धार लावून आना म्हनत्यात!"

मी पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले, तेव्हा कुठं आण्णांनी मला खरं सांगितलं. तेसुद्धा मोबाईल टॉवेलात गुंडाळून, धान्याच्या कोठीत ठेवून.

मशीन सोपं होतं. रुळांवरून ओंडका सरकत येणार, गोल पातं त्याचे तुकडे करणार, तुकडा पन्हळीत पडणार, आणि जॅक त्याला मागून रेटून लोखंडी पाचरीवर नेणार. पाचर घुसली की तुकडा दुभंगणार. पण आण्णांनी ते अवघड करून ठेवलं होतं. पूर्ण मशीन कुणालाच कळू नये म्हणून सांगाडा त्यांनी श्रीगोंद्यात करून घेतला, पाचर सुप्यात, आणि जॅकची बैठक थेट शेवगावला, लेकीच्या घरी गेले तेव्हा. तिन्ही ठिकाणी वेगळं सांगितलं. एकाला म्हणाले पाळणा करतोय, एकाला म्हणाले देवळाचं दार. शेवगावच्या वेल्डरला काय सांगितलं ते आजवर कळलेलं नाही, पण त्यानं बैठकीवर कमळ कोरून दिलं होतं.

तिन्ही भाग परसात आले आणि एकाचंही भोक दुसऱ्याला जुळेना. आण्णा दिवसभर समोर बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "तिघांनी फोनवर ठरवून केलंय हे."

"आण्णा, ते तिघं एकमेकांना ओळखतही नाहीत."

"तेच तर," ते म्हणाले. "तुमाला तसं वाटावं म्हनूनच."

शेवटी त्यांनी स्वतःच भोकं वाढवली, पट्ट्या मारल्या, आणि एका रविवारी मशीन चालू केलं. गुपित असल्यामुळं सगळी वस्ती भिंतींवर बसून बघत होती. पहिला ओंडका कापला गेला, तुकडा पन्हळीत पडला, जॅक पुढं आला. आणि तुकडा पाचरीवरून उसळून ताडपत्रीवरून थेट कौसामावशींच्या अंगणात. कुणाला लागलं नाही. आण्णा पळत कुंपणाजवळ गेले.

"कौसाबाई, ठिपका हाय त्याच्यावर! माझं हाय ते!"

"माझ्या अंगनात पडलं, आता माझं," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो तुकडा चुलीत घातला.

त्यानंतर काही दिवस ताडपत्रीआड नुसती ठोकाठोक. मग आण्णांनी मला बोलावलं. आता पाचरीभोवती जाळी होती, आणि मशीनच्या दोन बाजूंना दोन दांडे. एक जवळ, एक पार पलीकडं. एका माणसाचे हात दोन्हीकडं पोचणं शक्यच नाही.

"दोन्ही एकदम दाबले तरच जॅक चालतो," आण्णा म्हणाले. "एकट्याला चालवायचं असंल तर न्हाई चालत. म्हंजे कुनी चोरून आलं, तरी हात हालवत परत जाईल."

चोर दोघं आले तर, हे विचारायचा मोह मी आवरला. "पण आण्णा, तुम्हीही एकटेच आहात."

"मग काय झालं? कुनीतरी यील." आणि लगेच डोळे बारीक करून, "तुमाला रविवारी काय काम असतं?"

अशा रीतीनं रविवारी मी जायला लागलो. मंगळवारी कौसामावशी. बाकीच्या दिवशी वस्तीवरचं कुणी ना कुणी. ज्यानं त्यानं आपलं लाकूड आणायचं, आण्णा फुकट फोडून देणार, फक्त दुसरा दांडा दाबायचा. दांडा चांगला जड होता. जोर लावावा लागायचा.

काम मात्र पुढं सरकायचं नाही. चार ओंडके झाले की आण्णा मोटारीवर हात ठेवून म्हणायचे, "तापली." मग चहा. मोटार कौसामावशींच्या तव्याइतकीही तापलेली नसायची. चहा पिताना चौकशी चालायची. काल तुमच्याकडं पांढऱ्या गाडीतून कोण आलं? पोरीला कुठलं कॉलेज मिळालं? बायकोचा खोकला गेला का न्हाई? न्हाई गेला? यात कायतरी हाय, एकदा तपासून घ्या. निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला यायचे. मी काही घेऊन तर जात नाही ना, हे बघायला, असं मी समजत होतो.

एका रविवारी आण्णा चहा ठेवायला आत गेले आणि माझ्या खिशातलं पेन मशीनखाली घरंगळलं. मी वाकलो. पेन सापडलं, आणि माझ्या दांड्याचा खालचा भागही दिसला. तिथं एक जाडजूड स्प्रिंग होती, कुठल्यातरी जुन्या मोटारसायकलची. तिचं एक टोक दांड्याला, दुसरं सांगाड्याला. बस. पुढं काहीच नव्हतं. ना तार, ना सळई. जॅककडं जाणारी सळई फक्त आण्णांच्या दांड्याला होती.

स्प्रिंगला ताजं ग्रीस लावलेलं होतं.

पहिल्यांदा मला राग आला. इतके रविवार हा माणूस मला फुकट दंड-बैठका काढायला लावतोय! यात कायतरी हाय, असं माझ्याच मनात आलं. मी तरातरा दाराशी गेलो. आण्णा पाठमोरे होते. त्यांनी दोन कप काढले होते. एका कपाचा कान तुटका होता, तो त्यांनी आपल्याकडं ठेवला. धडका कप त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, उजेडात धरून बघितला, परत पुसला. मग न वळता म्हणाले, "दिलीपराव, आलं टाकू ना? मागल्या बारीला तुमाला आवडलं हुतं."

"टाका," मी म्हणालो. चहा पिऊन पुन्हा दांड्यावर गेलो आणि होता तेवढा जोर लावला.

पुढं दिवाळीनंतर संगीता आली. बापाची लेक शोभते. तिलाही कुठली गोष्ट एकदा सांगून पटत नाही. आण्णांना शेवगावला न्यायचं, असं ठरवूनच ती आली होती. मंगळवार होता. मशीन चालू होतं, दुसऱ्या दांड्यावर कौसामावशी, आणि मी सुट्टी म्हणून बसलेलो.

"दादा, तुमी इथं एकटे असता. मला घास जात न्हाई," ती बापाला म्हणाली.

"एकटा कुठं? दिसत न्हाई का तुला? रोज मानूस असतं. दोघांबिगर चालतच न्हाई हे."

संगीतानं मशीनकडं बघितलं, मग बापाकडं. "दोघांबिगर? का बरं?" ती उठली. कौसामावशींना बाजूला करून तिनं दांडा दाबला. एकदा, दोनदा. "काका," तिनं मला विचारलं, "खरंच दोन मानसं लागतात का ह्याला? मला तर हा कुठं जोडलेलाच वाटत न्हाई." आणि ती खाली वाकायला लागली.

आण्णांचा हात त्यांच्या दांड्यावरच राहिला. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो, पण असा पकडला गेलेला चेहरा मी त्यांच्यावर कधी पाहिला नव्हता.

"अगं बाई, वाकू नको तिथं! साडीला ग्रीस लागंल," कौसामावशी म्हणाल्या आणि त्यांनी संगीताचा दंड धरून तिला उभं केलं. "आन जोडलेला न्हाई कसा? मग माझा हा खांदा कशानं भरलाय? दर मंगळवारी दाबून दाबून रात्री झोप न्हाई मला. इचार दिलीपला."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. सरळ, न हसता. म्हणजे यांनाही माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. मला वाटतं, सगळ्या वस्तीलाच माहीत असावं.

"दोन लागतात," मी म्हणालो. "एकट्याला हलत नाही."

संगीता आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिला पटलं नाही, हे दिसत होतं. पण मग तिनं बापाकडं बघितलं, आणि शेवगावचा विषय पुन्हा काढला नाही. दुपारच्या गाडीला निघताना तिनं कौसामावशींच्या पायाला हात लावला आणि उगाचच जरा वेळ तिथंच वाकून राहिली.

रविवारी मी गेलो. माझ्या दांड्याच्या मुठीला मऊ कापड गुंडाळून वरून सुतळीनं घट्ट बांधलेलं होतं. मी दांडा दाबला, तर तो सहज खाली गेला.

"कौसाबाईचा खांदा दुखतोय म्हनून," आण्णा मोटारीकडं बघत म्हणाले, "जरा हलका केलाय."