आतली कडी

आमच्या नव्या घराच्या वास्तुपूजेला मेश्राम साहेब आले ते नमस्कार ना चमत्कार, सरळ संडासात शिरले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग काढल्याचा. पुन्हा लावल्याचा. माझ्या सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "बेस हाये जी मॅडम. आता जेवाले बसतो."

मेश्राम साहेब आमच्या शिक्षण खात्याच्या नागपूरच्या कार्यालयात तपासणी अधिकारी, आणि मी तिथेच मान्यतेच्या टेबलावर कारकून. खासगी शाळांना दर काही वर्षांनी मान्यता नवी करून घ्यावी लागते. त्याआधी अधिकारी शाळा पाहायला जातात. बाकीच्यांचं कसं, आधी चहा, मग समोसे, मग कागद. साहेबांचं पालुपद एकच: "आधी कडी दाखवा, मंग बाकीचं." म्हणजे मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, आणि ती लागते का. तुम्ही कॉम्प्युटर दाखवा नाहीतर संस्थापकांचा पुतळा दाखवा, माणूस ढिम्म. सगळे त्यांना कडीसाहेब म्हणत. मीही म्हणायची.

दुपारच्या सुट्टीत तर हा माणूस भरला डबा टेबलावर टाकून स्कूटरनं घरी पळायचा. "घरची कडी तपासाले गेले," असं म्हणत आम्ही त्यांची वांग्याची भाजी फस्त करायचो.

संस्थाचालकही एकेक नमुने. एकानं कडी चक्क बाहेरून लावली होती. म्हणे, आतून लावली तर पोरी टाइमपास करून राहतात. साहेबांनी त्यालाच आत बसवलं, दार नुसतं लोटलं आणि म्हणाले, "बसा आरामात. मी मधल्या सुट्टीची घंटा द्याले सांगतो." गडी घामाघूम होऊन बाहेर आला.

पण हसून काय होतं. साहेब शेरा मारत, कडी नाही, मान्यता देऊ नये. फाइल वर जायची आणि मान्यता घेऊन खाली यायची. ते आदेश मीच टाइप करायची. चीड यायची, पण करते काय, माझ्या टेबलावरचा पंखासुद्धा माझं ऐकत नाही.

शेवटी साहेबांनी शेऱ्यांची आशाच सोडली. पिशवीत कड्या, स्क्रू आणि पेचकस घेऊन फिरू लागले. कडी नसली की गुडघे टेकून स्वतः बसवायची. "कागदानं दार लागत नाही ना जी," म्हणायचे.

कामठीकडच्या एका शाळेनं नेमकं तेच धरलं. तिथं कडी बसवूनही साहेबांनी तिच्याविरुद्ध शेरा लिहिला होता. संस्थाचालकानं तक्रार ठोकली: सदर अधिकारी मुलींच्या शौचालयात बराच वेळ आढळून आले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ज्यांनी त्यांची भाजी खाल्ली होती, तेच आता ते आले की बोलणं थांबवू लागले. कारणे दाखवा नोटीस निघाली. साहेब रजेवर गेले होते, म्हणून ती घेऊन मीच त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या धाकट्या बहिणीनं, शांताबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या. आम्हाला चहा देऊन त्या मागच्या अंगणाकडे गेल्या.

"साहेब," मी म्हटलं, "हे कडीचं वेड कुठून लागलं ते सरळ लिहून द्या. नाहीतर नोकरी राहो बाजूला, नाव मातीत जाईल."

त्यांनी कप खाली ठेवला.

"उमरेडकडं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. संडासाले दार होतं, कडी नव्हती. शांती आत गेली का मी बाहेर उभा राहो. मंग मी आठवीले दुसऱ्या गावी गेलो. तिच्यासाठी कोण उभं राहीन? एक दिवस पोट्ट्यांनी दार ढकललं. घरी आली, ते पुन्हा शाळेत गेलीच नाही. माह्यापेक्षा हुशार होती जी ते."

"मग हेच लिहा."

"माही बेइज्जती झाली तर झाली. तिची गोष्ट सरकारी कागदावर काहून आणू?"

आणि उत्तरात त्यांनी तिथल्या तिथं एवढंच लिहिलं: कडी नव्हती, बसवली. या उत्तराचं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. कामठीकडच्या त्या शाळेच्या मान्यतेचा आदेश टाइप करायला माझ्या टेबलावर येऊन पडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

मागून हाक आली, "भाऊ."

साहेब तसेच उठले. अंगणातल्या संडासापाशी जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"साहेब, तुमच्याच घरी कडी नाही?"

"दोन हायेत," ते हळूच म्हणाले. "तिले भरवसा येत नाही."

"आणि तुम्ही ऑफिसात असता तेव्हा?"

"दुपारी येतो ना मी. तोपर्यंत थांबते."

आतून आवाज आला, "भाऊ, हायेस ना?"

"हाव वं. इथंच हाओ."